गाडी थरथरते म्हणून ठेव मोडू नका

गोव्यातल्या मांद्र्याच्या एका वाचकाने विचारलंय: २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. सिग्नलला उभी राहिली की इंजिन हबकतं, स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा खाली-वर होतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून ‘इंजिन उतरवावं लागेल, पन्नास हजार धरा’ असं सांगितलं. शोरूमवाला जुन्या गाडीचे १ लाख ३० हजार द्यायला तयार आहे. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ७ लाख ६० हजारांना पडते. मुदत ठेवीतले १ लाख ८० हजार काढायचे आणि उरलेल्या साडेचार लाखांचं कर्ज घ्यायचं, असा बेत आहे. पगार हातात ४६ हजार, घराचा हप्ता साडेआठ हजार. ठेव मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी आहे, पुढच्या जूनमध्ये लागणार. घेऊ का गाडी?

नमस्कार. आता घेऊ नका. तुमच्याकडे सध्या आहे ते फक्त एक लक्षण. बिघाड नेमका कोणता, हे कुणीच तपासलेलं नाही, आणि तुम्ही त्यावर साडेसात लाखांचा व्यवहार उभा करताय.

आधी हप्ता बघू. साडेचार लाख, ९ टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिना ९,३४१ रुपये आणि एकूण व्याज १ लाख १० हजारांवर. घराचा हप्ता धरून महिन्याला जवळपास १७,८०० रुपये जातील, पगाराच्या ३९ टक्के. त्यात जूनला फी भरायची वेळ येईल तेव्हा ठेवीत काही नसेल, आणि तेव्हा घ्यावं लागणारं कर्ज गाडीच्या कर्जाहून महाग असायचीच शक्यता जास्त. उलट गॅरेजवाल्याचे पन्नास हजार अगदी खरे धरले, तरी ते सहा हप्त्यांपेक्षाही कमी भरतात. म्हणजे वाईटात वाईट धरूनही दुरुस्तीच स्वस्त. पण वाईटात वाईटच का धरायचं?

मी मेकॅनिक नाही, पण जुन्या गाडीचा प्रश्न घेऊन इतके लोक येतात की थोडं शिकावंच लागलं. उभ्या गाडीत आरपीएम साधारण ७०० ते ९०० च्या दरम्यान स्थिर राहायला हवा. काटा स्थिर असून नुसतं बॉडी थरथरत असेल, तर बहुधा इंजिनाचं फाउंडेशन गेलेलं असतं, म्हणजे रबराचा प्रश्न. तुमचा काटाच नाचतोय. तेव्हा संशय जातो तो ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज देणारी कॉइल, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा कुठून तरी चोरून आत येणारी हवा यांच्यावर. (पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरून नळ्या कुरतडतात हे गोव्यात वेगळं सांगायला नको.) शिवाय मांद्र्याची खारी हवा. कॉइलचा कनेक्टर काढून बघितला तर पिना हिरव्या पडलेल्या दिसायच्या.

गॅरेजमध्ये पहिलं काम स्कॅनर लावायचं, तो गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचतो. पी०३०० आला तर मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, कुठल्या एका सिलिंडरला चिकटलेलं नाही. पी०३०२ आला तर दोन नंबरमध्येच होतंय. मग इंजिन बंद करून दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावायची, तीनची दोनला, आणि पुन्हा कोड बघायचा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला, विषय संपला. कोड दोनलाच राहिला तर प्लग तसाच अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर. पी०१७१ दिसला तर मिश्रणात हवा जास्त, तेव्हा आधी हवेच्या नळ्या तपासा. यातलं काहीही झालं तरी प्रकरण पन्नास हजारांच्या आसपासही जात नाही.

हे सगळं करूनही मिसिंग राहिलं, तरच कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो त्याची मोजणी, करा. चार सिलिंडरचे चार आकडे कागदावर लिहून मागा. चारही जवळजवळ सारखे असतील तर इंजिन उतरवायला सांगणाऱ्याला दुरून नमस्कार. एक आकडा फारच खाली असेल, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. या साऱ्या तपासणीसाठी तीन हजार बाजूला काढा.

मात्र गाडी अशीच रेटत राहू नका. मिसिंगमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापून खराब होतो, आणि तो भाग महाग. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी घरी लावा आणि चार दिवस पणजीला बसने जा. साध्या विम्यात झिजेमुळे झालेला असा बिघाड बसत नाही, त्या भरवशावर राहू नका.

विकायचीच ठरली तरी तपासणी आधी. थरथरणारी गाडी बघितली की घेणारा इंजिनकामाचे पूर्ण पैसे कापूनच भाव सांगतो. दोष कॉइलचा निघाला, तर तुम्ही दुसऱ्याच्या भीतीची किंमत मोजली. शोरूमवाल्याच्या १ लाख ३० हजारांत ही कपात आहे का, ते गाडी नीट केल्यावर पुन्हा भाव काढून कळेल.

‘जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या’ असं तुमचे मेहुणे म्हणतात. उतरलाय खरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना २८ टक्के आणि सेसऐवजी १८ टक्के कर लागतो. पण हा चवथीचा सेल नाही, पुढच्या आठवड्यात संपणारा. शिवाय नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो.

माझं मत बदलू शकेल ते गंजामुळे. किनाऱ्यावरची अकरा-बारा वर्षांची गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघा. चासीला किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तिथे पापुद्रे सुटत असतील, तर इंजिनावर पन्नास हजार घालणं चूक ठरेल. गाडीची नोंदणी (आरसी) २०२९ ला संपते, नूतनीकरणाच्या तपासणीत अशी गाडी अडकू शकते. पत्रा शाबूत असेल तर तोवर आरामात वापरा आणि महिना चार-पाच हजार नव्या गाडीसाठी आवर्ती ठेवीत टाका.

मोठं काम निघालंच तर ठेव मोडू नका, ठेवीवर कर्ज काढा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त पडतं, ठेव तशीच राहते, आणि जूनच्या आत ते फेडून टाकता येईल. स्कॅनरचे कोड, गरज पडली तर कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि खालच्या पत्र्याचा फोटो मला पाठवा. तोवर शोरूममध्ये बुकिंगचा एक रुपयाही भरू नका.