१४२८५७ या संख्येत खास असं काय आहे?

तुम्ही विचारलंय, १४२८५७ ला २ ते ६ ने गुणलं की तेच सहा अंक फिरून फिरून येतात, हा योगायोग आहे का? अजिबात नाही. कारण कागदावर दिसतं.

१ ला ७ ने भागा आणि दशांश चिन्हाच्या पुढे भागतच राहा. भाग लागतो १, ४, २, ८, ५, ७ आणि बाकी उरते ३, २, ६, ४, ५, १. बाकी १ आली की सगळं पहिल्यापासून. ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य असतात आणि इथे त्या सहाही हजेरी लावतात. म्हणून ३ ला ७ ने भागायला घेतलंत तर याच फेऱ्यात मधूनच शिरता, आणि ४२८५७१ मिळतं. १४२८५७ ची तिप्पट तीच. ७ ने गुणलं की मात्र ९९९९९९, कारण आपली संख्या म्हणजे ९९९९९९ चा सातवा भागच.

१३ ला हे जमत नाही. १ ला १३ ने भागलं की ०७६९२३ हे अंक फिरत राहतात, पण त्यांची दुप्पट १५३८४६, म्हणजे अंकच बदलले. तिथे बाक्यांचे दोन वेगळे फेरे पडतात. १७ ला जमतं, पण सोळा अंक लागतात आणि सुरुवातीला शून्य.

मी डहाणूत गणिताच्या शिकवण्या घेतो. संख्यांच्या गमती शोधणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली इथेच जन्मले, पुढे देवळालीला शाळेत शिकवलं. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणाऱ्या ६१७४ मुळे त्यांचं नाव मुलांना ठाऊक असतं, पण १४२८५७ सुद्धा कापरेकर संख्या आहे, म्हणजे तिच्या वर्गाचे दोन तुकडे जोडले की तीच परत मिळते, हे फार कोणी सांगत नाही. वर्ग करा: २०४०८१२२४४९. दोन तुकडे करा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७! मला यातलं कारण फार देखणं वाटतं. १४२८५७ मधून १ वजा केला तर १४२८५६, म्हणजे बरोबर ७ × २०४०८. त्यातला ७ आपल्या संख्येला भेटला की ९९९९९९ होतात. म्हणून वर्ग = २०४०८ × ९९९९९९ + १४२८५७. आता ९९९९९९ म्हणजे दहा लाखाला एक कमी. तेव्हा २०४०८ पुढे जाऊन बसतात आणि मागे १४२८५७ मधून तेवढेच कमी होतात. तुकडे जोडले की भरपाई होते.

कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांतही, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांतही, ती बसते. अंकांची बेरीज २७, आणि २७ × ५२९१ = १४२८५७.

सहाच्या पुढेही गुणून पाहा. डहाणूचा पिन कोड ४०१६०१ घेतला तर गुणाकार ५७३७१५१४०५७ येतो. शेवटचे सहा अंक तोडून उरलेल्यात मिळवा: ५७३७१ + ५१४०५७ = ५७१४२८. तेच अंक! ४०१६०१ ला ७ ने भागल्यावर बाकी ४ उरते, म्हणून चौपट आली. तुमचा पिन कोड घेऊन करा; ७ ने पूर्ण भाग जात असेल तर ९९९९९९ येईल.