एकाकीपणा कमी करण्यासाठी चालवलेल्या सामुदायिक उपक्रमांचा खरोखर उपयोग होतो का?

आपल्या संस्थेला ज्येष्ठांसाठी साप्ताहिक मेळावा सुरू करायचा आहे आणि त्याने एकाकीपणा कमी होतो याला पुरावा आहे का, असे आपण विचारले आहे. अशा उपक्रमांचे मूल्यमापन करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. माझे उत्तर असे की उपयोग होतो, पण थोडा, आणि तोही नुसती माणसे जमवल्याने होतो असे दिसत नाही.

एकटे राहणे आणि एकाकी वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बाहेरून मोजता येते, दुसरी त्या माणसालाच विचारावी लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 70 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अकाली मृत्यूची शक्यता एकाकीपणामुळे 26 टक्क्यांनी, सामाजिक विलगतेमुळे (म्हणजे लोकांशी फारसा संपर्क नसल्यामुळे) 29 टक्क्यांनी आणि एकटे राहण्यामुळे 32 टक्क्यांनी वाढलेली आढळली. हे आकडे प्रत्येक निधी-प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असतात. मात्र ते निरीक्षणात्मक अभ्यासांतून, म्हणजे कोणताही उपाय न करता माणसांची फक्त नोंद ठेवणाऱ्या अभ्यासांतून, आलेले आहेत, त्यामुळे मेळावा भरवला की मृत्यू टळतील असा अर्थ त्यांतून काढता येत नाही.

उपक्रमांविषयी मला सर्वांत उपयोगी वाटते ते मासी, कॅसिओपो आदी संशोधकांचे 2011 मधील विश्लेषण. त्यांनी उपायांचे चार प्रकार केले: सामाजिक कौशल्ये शिकवणे, आधार देणे, भेटीगाठींच्या संधी वाढवणे आणि ‘मी कोणालाच नको आहे’ अशा धारणांवर काम करणे. यादृच्छिक चाचण्यांमध्ये (म्हणजे कोणाला उपाय द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेल्या चाचण्यांमध्ये) चौथ्या प्रकाराचा परिणाम सर्वांत ठळक दिसला, जरी अशा चाचण्या मोजक्याच होत्या. दीर्घकाळ एकाकी असलेला माणूस समोरच्याच्या साध्या जांभईतही नकार वाचतो, त्यामुळे त्याला तीस जणांच्या सभागृहात नेऊन बसवले तर तो अधिकच एकटा पडू शकतो.

मोजमापाबाबत एक अनुभव सांगतो. आमच्याकडे तीन प्रश्नांची प्रचलित प्रश्नावली होती: सोबतीची उणीव भासते का, वगळल्यासारखे वाटते का, इतरांपासून तुटल्यासारखे वाटते का, उत्तरे ‘क्वचितच’, ‘कधीकधी’, ‘अनेकदा’, आणि त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन गुण. एका आजोबांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहत तिन्ही ठिकाणी ‘क्वचितच’वर खूण केली, आणि कागद परत देताना हळूच विचारले, ‘‘पुढच्या आठवड्यात नक्की आहे ना?’’ त्यांचा एकूण गुण तीन, म्हणजे सर्वांत कमी एकाकीपणा, असा नोंदला गेला. त्यानंतर आम्ही प्रश्नावली एकांतात भरून घेऊ लागलो.

दुसरी अडचण तुलनागटाची, म्हणजे ज्यांना उपक्रम मिळालेला नाही अशा, तुलनेसाठीच्या माणसांची. माणसे बहुधा सर्वांत वाईट काळात मदतीला येतात आणि त्यांतील काही काहीही न करता सावरतात. तुलनागट नसेल तर ती सुधारणाही उपक्रमाच्या खात्यात जमा होते. नावे अधिक आली तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना तीन महिन्यांनी प्रवेश द्या. प्रतीक्षेतील ही मंडळीच आपला तुलनागट होतील, आणि कोणालाही कायमचे नाकारावे लागणार नाही.

शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर जे यायचे थांबतात, त्यांना फोन करण्यासाठी एक माणूस आधीच नेमून ठेवा. हजेरीपटावरून गळालेली ही नावे शेवटच्या अहवालात सहसा नसतात, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत एकाकी माणसे बहुतेक वेळा त्यांतच होती.