एकट्याने धंदा चालवण्याचे फायदे आणि अडचणी काय?

मी नाशिकला घरूनच डीटीपी (संगणकावर छपाईसाठी मजकूर मांडणं) आणि लग्नपत्रिका डिझाईनचं काम करतो, एकटाच. फायदा सांगायचा तर पगार द्यायचा नाही, भाडं नाही, आणि नको असलेल्या गिऱ्हाईकाला सरळ नाही म्हणता येतं (सुरुवातीला जमत नाही, नंतर जमतं). सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांपर्यंत साधारण जीएसटीची भानगडही नाही.

पण खरी डोकेदुखी म्हणजे वसुली. डिझाईनही मीच करायचं, प्रूफही मीच बघायचं आणि वर पैशासाठी फोनही मीच करायचा, त्यात समोरचा ओळखीचा निघाला की बोलायची पंचाईत. म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, फुकट आहे, ऑनलाईन होते. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, कंपन्यांना हे सांगितलं की बिल जरा लवकर हलतं. निम्मा ॲडव्हान्स मात्र घ्याच.

दुसरं म्हणजे आजारपण. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो आणि एकदा नेमका तेव्हाच मला डेंग्यू झाला, दोन आठवडे शून्य कमाई आणि चार गिऱ्हाईकं कायमची गेली. तेव्हापासून शेजारच्या एका डिझायनरशी ठरवून टाकलंय, तू अडलास तर मी, मी अडलो तर तू.