कुत्र्याच्या अस्थींच्या लाकडी डबीवर त्याचा फोटो कोरायचा आहे. हाताने जमेल का, की लेझरला द्यावा?

तुम्ही लिहिलंय की लॅब्रॅडोर होता, 30 किलोचा, डबी सागवानाची करताय आणि झाकणावर मोबाइलमधला फोटो हवाय. आमच्या मोत्यासाठी मी असंच काम केलं होतं. सुतार नाही मी, रविवारी गॅलरीत ठोकठोक करणारा माणूस. त्यामुळे जे बिघडलं तेच आधी सांगतो.

पहिली फळी वाया गेली. मोत्याचा कॅमेऱ्यात बघणारा फोटो सगळ्यांचा आवडता, म्हणून तोच घेतला. पण समोरून बघताना नाक सगळ्यांत पुढे, डोळे मागे, कान त्याहून मागे, आणि हे सगळं 4-5 मिलिमीटरच्या उठावात बसवायचं! चार रविवार घालवून मोत्याचं डुक्कर झालं. धाकटीने विचारलं, "बाबा, हा कोण?" नाण्यांवर राजांचे चेहरे बाजूने का दाखवतात, ते मला त्या दिवशी कळलं. बाजूने घेतलं की नाकाची लांबी कडेच्या रेघेतच येते, खोलीवर फारसा भार राहत नाही.

तेव्हा आधी मोबाइलची गॅलरी चाळा आणि त्याचा बाजूने काढलेला, खिडकीच्या उजेडातला फोटो शोधा. फ्लॅशचा नको, त्यात सगळं सपाट होतं. फोटो कृष्णधवल करून हव्या त्या मापात छापा, बटर पेपरवर फक्त मुख्य रेघा काढा आणि कार्बनने फळीवर उतरवा. भोवतालची जागा 3-4 मिलिमीटर खाली घ्या आणि मगच चेहऱ्याला हात लावा. कान सगळ्यांत वर राहू द्या, त्याची खालची कड गालावर सावली पाडते आणि निम्मी ओळख तिथेच पटते. डोळ्याचं गोल बुबुळ कोरत बसू नका. वरच्या पापणीखाली एक खोल काप दिला की त्यातल्या अंधारानेच नजर येते. केस एकेक काढायचे नाहीत. मानेवर केस वळतात त्या दिशेने व्ही पटाशीचे दहा-बारा ओरखडे पुरतात. आणि टेबल लॅम्प एका बाजूला ठेवून काम करा, डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये उठाव दिसतच नाही.

डबी सागाची असू द्या, पण चेहऱ्याची फळी शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाची घ्या. फिकट, सारख्या पोताची आणि पटाशीला मऊ. वखारीत विचारलंत तर मिळेल. पाइन नको, त्यात एक पट्टा मऊ आणि एक कडक, पटाशी मध्येच घसरते.

लेझर करायचं असेल तर तो वेगळाच प्रकार. त्यात उठाव नसतो, बारीक ठिपके जाळून छटा येतात. हुबेहूब फोटोच हवा असेल तर तेच करा, मी नाक मुरडणार नाही. पण सागावर तपकिरीवर तपकिरी होतं, म्हणून तिथेही फिकट लाकूडच लागेल. कुत्रा काळा असेल तर फोटोतल्या सावल्या आधी उजळून घ्या, नाहीतर नुसता काळा डाग मिळतो. त्याच लाकडाच्या तुकड्यावर नमुना मागा, दुकानदार कुरकुरला तरी. आणि डबी थेट उन्हात ठेवू नका, जळालेल्या छटा हळूहळू फिक्या पडतात.

दोन्हींत एक गोष्ट सारखी. झाकणावर थेट कोरू नका. फळी वेगळी करून झाकणाच्या चौकटीतल्या खाचेत सैल बसवा, फेविकॉल न लावता, रुंदीत दोन्हीकडे मिलिमीटरभर जागा सोडून. पावसाळ्यात लाकूड फुगतं, चिकटवलेली फळी तडकते. शिवाय चेहरा बिघडला तर डबी वाचते. माझी वाचली ती अशीच.

आकाराचा ढोबळ हिशोब: जिवंतपणी जितके किलो, गुणिले 36, तितके मिलिलिटर जागा. तुमच्या 30 किलोला साधारण 1100. आतून 12 × 10 × 10 सेंटिमीटर ठेवलंत तर पिशवीसकट आरामात बसेल. पॉलिशला चपडा (लाखेचे पापुद्रे) आणि स्पिरिट, पातळ हात, तीन वेळा. अळशीच्या तेलाने फिकट लाकूड पिवळं पडतं.

"अस्थी घरात ठेवतात का" हेही तुम्ही शेवटी विचारलंय. आमच्या आईने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं. आठवड्याने म्हणाली, "माणसाच्या ठेवत नाहीत. कुत्र्याचं शास्त्र कुठे लिहिलंय?" आणि स्वतःच देवघरापासून लांब, बुटांच्या कपाटावर जागा करून दिली, कारण मोत्या तिथेच झोपायचा. तरी डबीचा तळ चिकटवू नका, चार स्क्रू लावा. पुढेमागे घरात कुणाला विसर्जन करावंसं वाटलं तर उघडता येईल. स्क्रू पितळी घ्या, लोखंडीचा गंज लाकडात उतरतो.