मुलगा अंगाने गुटगुटीत, पण उंची वाढत नाही. घराण्यात सगळे बुटकेच आहेत, तेच कारण असेल का? कुठलं टॉनिक द्यावं?

‘घराण्यात सगळे बुटके’ वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या धाकट्या दिराच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतेय. मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे.

दीर-जाऊ ऊसतोडीला जातात. पुतणी भाद्रपदातली, दीड महिन्याची असतानाच फडावर गेली. जाऊ पहाटे चारला तोडीला, लेकरू पाचटावर गोधडीत. मोळ्या वाहता वाहता अंगावर पाजणार कधी? पाचव्या महिन्यातच चहात बुडवलेलं बिस्कीट सुरू झालं. कोप्यांच्या, म्हणजे राहायच्या झोपड्यांच्या, मागेच हागणदारी, पाणी मिळेल ते. दोन हंगामांत पोरीला चार वेळा हगवण लागली.

दुसऱ्या हंगामाहून आली तेव्हा 18 महिन्यांची होती. वजन 9 किलो, वाढीच्या तक्त्यात हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात. सगळे खूश. मी तिला आडवं झोपवून, गुडघे सरळ धरून लांबी घेतली. 74 सेंटिमीटर. या वयाच्या मुली 80च्या आसपास असतात आणि 75च्या खाली गेली की खुजी धरतात. दीर म्हणाला, "वैनी, पाय आखडला आसंल तिनं. आपलं खानदानच बुटकं." मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा 74.

वजनावर जाऊ नका. बुटक्या मुलाला ते वजन पुरतं, म्हणून ते गुटगुटीत दिसतं. उंची आईच्या पोटापासूनच मागे पडायला लागते. जावेचं लग्न सतराव्या वर्षी झालं, दिवस गेले तेव्हा वजन 39 किलो. त्यात सासूबाई म्हणायच्या, जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं. पुढे वरचं खाणं म्हणजे डाळीचं नुसतं पाणी. वारंवार हगवण झाली की आतडं आतून खराब होतं, मग खाल्लेलंही अंगी लागत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी निघाली. एवढी सगळी घराणी बुटकी आहेत का?

पुतण्याच्या वेळी मी भांडले. दोन हंगाम जावेला गावात ठेवून घेतलं, दीर अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीशिवाय एकटाच गेला. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कमी मिळाली, त्याचा राग अजून आहे त्याच्या मनात. सहा महिने फक्त आईचं दूध, मग घट्ट वरण-भात, रोज अंडं, तूप घातलेली नाचणी. तोही 18 महिन्यांचा झाल्यावर मोजला, 81 सेंटिमीटर. आईबाप तेच.

टॉनिक कुठलंच नको. मूल दोन वर्षांच्या आत असेल तर खाणं आजच सुधारा, नंतर उंची भरून काढणं फार अवघड जातं. आमची पुतणी तिसरीत आहे, प्रार्थनेच्या रांगेत अजून सगळ्यांत पुढे उभी असते.

हां, आईबाप ठेंगणे आणि मूल दर वर्षी नीट वाढतंय, असंही असू शकतं. थायरॉइड, हृदय, पोटाचे आजारही असतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, फक्त ‘घराण्यात आहे’ म्हणून घरी बसू नका.

दीर आता म्हणतो, पोरगा मामावर गेलाय. भाऊबीजेला मामा आला तेव्हा त्याला आणि दिराला एकाच चौकटीला पाठ लावून उभं केलं होतं मी. मामा दिराहून दोन बोटं खालीच होता.