वाचक विचारतात : तीन इंजिनांचे ‘वटवाघूळ’

प्रश्न : १९३६ साली स्पेनकडे निघालेली इटलीची तीन बॉम्बफेकी विमाने वाटेतच गमावली. विमाने नवी होती, मग इंजिनात दोष होता का?

उत्तर : ती साव्होया-मार्केत्ती एसएम.८१ होती. टोपणनाव ‘पिपिस्ट्रेल्लो’, म्हणजे वटवाघूळ. घात केला तो समोरच्या वाऱ्याने. ३० जुलै १९३६ रोजी सार्डिनियातील एल्मासहून बारा विमाने स्पॅनिश मोरोक्कोकडे निघाली. अंतर साधारण ११५० किलोमीटर, आणि विमानाचा पल्ला त्याहून बराच जास्त. आता गणित मांडून पाहा. ताशी २६० किलोमीटर वेगाने शांत हवेत हा प्रवास साडेचार तासांचा. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला तर साडेपाच तास लागतात. इंजिने मात्र दर तासाला तेवढेच पेट्रोल पितात. म्हणजे पाव हिस्सा इंधन जादा. एक इंजिन बंद पडले तर उरलेली दोन सांभाळून नेतात, पण टाकीच कोरडी पडली की तिन्ही थांबतात. एक विमान समुद्रात गेले, दोन उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच हद्दीत उतरली किंवा कोसळली, आणि स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बंडखोरांना होणारी इटलीची छुपी मदत जगापुढे आली.

पोहोचलेली नऊही लगेच उडू शकली नाहीत. त्यांना शिसेमिश्रित पेट्रोल लागे आणि तिथे ते नव्हते. साध्या पेट्रोलवर सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊन पिस्टन खराब होतात. ते इंधन इटलीहून जहाजाने मागवावे लागले.

प्रश्न : एकच विमान बॉम्बही टाकते आणि सैनिकही नेते, हे कसे जमवले?

उत्तर : ते मुळात एसएम.७३ या प्रवासी विमानावरून घडवले होते, त्यामुळे पोटात जागा भरपूर. सांगाडा जोडलेल्या पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी. बॉम्ब काढले की अठरा सैनिक बसत. एका इंजिनाची ताकद साडेसहाशे-सातशे अश्वशक्तीच्या घरात आणि भरलेले विमान दहा टनांचे, म्हणून तिसरे इंजिन नाकावर आले. त्याची किंमत अशी, की नेम धरणाऱ्याला नाकात जागा उरली नाही. त्याला वैमानिकाच्या कक्षाखाली बसवावे लागले. चाके मिटत नसल्याने वेग ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे जाईना. दुसऱ्या महायुद्धात म्हणूनच ते बहुतेक रात्री वापरले गेले.

इथिओपियाच्या युद्धातही ते होते. त्या युद्धात इटलीच्या हवाई दलाने विषारी मस्टर्ड वायू वापरला. या विमानांबद्दल लिहिताना हे वगळणे अन्यायाचे ठरेल.

प्रश्न : जुन्या फोटोत ते ओळखायचे कसे?

उत्तर : पंख खाली आणि चाकांवर मोठी आवरणे असतील तर एसएम.८१. पाठीवर कुबड असेल तर एसएम.७९. पंख वर असतील तर बहुधा काप्रोनी सीए.१३३. पत्रा पन्हाळीदार दिसला तर ते जर्मन युंकर्स ५२.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातील केरनच्या लढाईत मराठा पलटणीला या विमानांशी सामना करावा लागला का?

उत्तर : जून १९४० मध्ये इटलीच्या पूर्व आफ्रिकेतील ताफ्यात सीए.१३३, एसएम.८१ आणि एसएम.७९ तिन्ही होती. पण सुएझची वाट बंद असल्याने सुटे भाग मिळेनात. सीआर.४२ लढाऊ विमाने सुटी करून एसएम.८२ या मोठ्या मालवाहू विमानाच्या पोटातून आणावी लागली. मार्च १९४१ मध्ये ३/५ मराठा लाइट इन्फंट्री केरनच्या डोंगरावर चढली, तोवर हा ताफा पार खिळखिळा झाला होता.