टीआयएफआरच्या मुलाखतीला जाताना

टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, मुलाखतीचं बोलावणं आलं, मनापासून अभिनंदन! आता नवीन पुस्तकं मात्र उघडू नकोस. पीएचडीच्या या मुलाखतीत सुरुवातीलाच बहुधा 'कोणता विषय आवडतो?' असं विचारतात, आणि तू नाव घेतलेला विषय मग मुळापर्यंत खोदतात. म्हणून दोनच विषय निवड, पण अगदी बीएस्सीच्या पायापासून पक्के कर.

खरी कसोटी फळ्यापाशी. समजा, साइन एक्स भागिले एक्सचा आलेख काढायला सांगितला. लगेच खडू चालवू नकोस. शून्यापाशी किंमत 1 कडे जाते, पुढे पायच्या (π) प्रत्येक पटीला आलेख अक्ष छेदतो, डावी-उजवी बाजू सारखी, लाटांची उंची घटत जाते, हे मोठ्याने बोलत बोलत काढ. तुझं डोकं कसं चालतं, हेच त्यांना बघायचं असतं. अडलीस तर ते धागा देतात. तो पकड, आपलंच घोडं दामटू नकोस. येत नसेल तर सरळ तसं सांग, थाप तिथे टिकत नाही.

घरी भिंतीवर मोठा कागद चिकटव, उभी राहून सोडव, मैत्रिणीला मध्येच 'का?' विचारायला लाव. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. वाक्य अडखळलं तरी चालतं, युक्तिवाद अडखळायला नको.